शेपटीचं चाक कोणतं लावायचं

४ फेब्रुवारी

अरे बाबा,

आशीर्वाद आहेतच, ते काही भांडणाने आटत नाहीत.

फोनवर विमान हा शब्द आला की तू फोन ठेवतोस. म्हणून कागद घेतला. कागद मध्येच ठेवून दिला तरी तो गप्प बसत नाही, तिथेच पडून राहतो. माझं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं आहे, हे चौथीत मास्तरांनीच सांगितलं होतं. मग शाळाही संपली आणि अक्षर सुधारायचं राहिलं. तेव्हा चुका काढत बसू नकोस, मजकूर वाच.

मजकूर असा की टाचणीचं विमान झालं. तुझ्या लेकीचं. तू गेलास तेव्हा शेडमध्ये नुसता नळ्यांचा सापळा उभा होता. आता त्याला पंख आहेत, इंजिन आहे, एकामागे एक दोन सीटा आहेत आणि पिवळा रंग आहे. मी म्हटलं, काय गं हे, कावीळ झाल्यासारखं दिसतंय. तर म्हणाली, "आजी, शेतात पडलं तर लांबून सापडेल." असं बोलते. तोंड कुणाचं घेतलंय ते मला विचारू नकोस.

राहिलंय ते फक्त शेपटीचं चाक. हत्ती गेला आणि शेपूट अडकलं, असं मी आयुष्यभर बोलत आले. ते डोळ्यांनी बघायला एवढं म्हातारं व्हावं लागलं.

तुमचं भांडण मी दारात उभी राहून ऐकलं होतं, हातात चहाचा ट्रे घेऊन. तू म्हणालास, चाक पुढे लाव, नाकाखाली, शहाणी माणसं तिथेच लावतात. ती म्हणाली, आपलं मैदान गवताचं आणि खड्ड्यांचं, नाकाखालचं चाक तिथे मोडेल. तू म्हणालास, शेपटीच्या चाकावर उतरताना विमान गर्रकन स्वतःभोवती फिरतं, पंख घासतो, आणि मग उरलंसुरलं गोळा करायला टोपली आणावी लागते. तिने म्हटलं, "बाबा, तुम्ही घाबरता." तिथे तू हातातला पाना खाली ठेवलास. महिन्याभरात लांबची नोकरी धरलीस, सूनबाईला घेऊन गेलास, आणि तेव्हापासून बापलेकीच्या तोंडाला कुलूप. मोठमोठ्या विमानांचा मेकॅनिक तू, पण एका शब्दाने पंक्चर झालास. चहा मी एकटीने प्यायले, सगळे कप. ओतून कशाला द्यायचा.

तर आता माझ्या जेवायच्या टेबलावर तीन चाकं आहेत. एक भरीव रबराचं, डब्याच्या झाकणाएवढं. दुसरं हवा भरायचं, गुबगुबीत. तिसऱ्याला कुलूप आहे. वैमानिकाने आतून तार ओढली की ते सरळ अडकून बसतं, सोडली की मोकळं फिरतं. मी ताट मांडीवर घेऊन जेवते.

हसण्यावारी नेऊ नकोस मात्र. मार्च संपता संपता तपासनीस यायचा आहे, आणि तो या बाजूला एकदा येऊन गेला की वर्षभर तोंड दाखवत नाही. तो येईपर्यंत विमान दोन माणसं घेऊन जमिनीवर सरळ धावलं पाहिजे. नाही धावलं तर, कॅप्टन म्हणतो, पुढचं सगळं कापून नाकाखाली चाक बसवावं लागेल. हा कॅप्टन म्हणजे मैदानावर विमान शिकवतो तो म्हातारा, माझ्याहून थोडासाच तरुण. टाचणी म्हणाली, कापणार नाही, विकून टाकीन. चाक पुसता पुसता म्हणाली, आवाज न चढवता. ओरडली असती तर मी लक्ष दिलं नसतं.

तू काही लिहावंस असं मी म्हणत नाही.

तुझी आई


२१ फेब्रुवारी

अरे,

सूनबाईचा फोन आला होता. म्हणाली, पत्र वाचून तू बाहेर गेलास आणि गाडी धुतलीस. गाडी आदल्या दिवशीच धुतलेली होती म्हणे. बरं आहे, कुणाचं तरी भलं होतंय माझ्या पत्राने.

इकडे धमाल चालू आहे. मी रोज शेडवर जाते. टाचणीला नळ्या जोडून देणाऱ्या वेल्डरने माझ्यासाठी एक खुर्ची ठेवली आहे, तिचा एक पाय त्यानेच जोडलेला आहे, म्हणून मी बसते तेव्हा तो दुसरीकडे बघतो.

पहिलं लावलं ते भरीव चाक. त्यावर टाचणीचा जीव, कारण ते हलकं. तिने मला समजावलं की शेपटी म्हणजे पोरांच्या वरखाली होणाऱ्या फळीचं टोक. मधोमध बसलेला पैलवान चालतो, टोकाला पोर बसलं तरी फळी कलंडते. शेपटीला वजन लावायचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मी म्हटलं, कळलं, पुढे चल. तर त्या हलक्या चाकाने मैदानात जी काही नांगरट केली आहे, विचारू नकोस. गवतात रुतून शेपटी फरफटत गेली. कॅप्टन मागच्या सीटवर होता, उतरून म्हणाला, "पेरणी करायची असेल तर हे चाक उत्तम आहे."

मग दुसरं, हवेचं. ती माझी निवड. मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, मऊ घे, मऊ चाक कुणाला टोचत नाही. सगळ्यांनी मान डोलावली. मी कुंपणाजवळ खुर्ची टाकून बसले, ऐटीत, जसं काही चाक मीच विणलंय.

टाचणी पुढे, कॅप्टन मागे. इंजिन गुरगुरलं, विमान निघालं, सरळ, झकास. मी टाळी वाजवायला हात उचलले आणि शेपटी थरथरायला लागली. थरथर म्हणजे काय सांगू तुला. ओला कुत्रा अंग झाडतो ना, तसं. ते चाक डावीउजवीकडे इतक्या वेगाने फडफडत होतं की चाक दिसेना, नुसता धूसर गोळा. कॅप्टनची टोपी उडाली, चष्मा नाकावरून हनुवटीवर आला. टाचणीने इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं आणि शेपटीतून एक नट खाली पडल्याचा आवाज मला कुंपणापर्यंत आला.

कॅप्टन म्हणाला, "कुणी निवडलं हे चाक?"

टाचणी म्हणाली, "आजीने."

बघ, संकटात नाव पुढे करायला रक्ताचंच माणूस लागतं.

पण खरं सांगते, मला मजा आली. इतक्या वर्षांत माझ्या एखाद्या मतामुळे काही हललं असेल तर ते त्या दिवशी.

आई


९ मार्च

अरे,

हे पत्र लांबवत नाही, कारण मला राग आला आहे.

हवा कमी करून पाहिली. हवा वाढवून पाहिली. बोल्ट आवळले, मग सैल केले. मग तिसरं चाक लावलं, कुलपाचं. कुलूप उघडं ठेवून वळताना तीच थरथर. कुलूप लावून धावले तर थरथर दबली, पण आतल्या आत ठोकून ठोकून कुलपाची खिट्टीच वाकली. कॅप्टन म्हणाला, "ताप आलाय आणि आपण वरून पांघरूण घालतोय." म्हणजे दुखणं चाकात नाही. मग कशात आहे, तर ते त्याला सांगता येत नाही, आणि टाचणीला सापडत नाही.

तिने काय काय तपासलं ते लिहिते, बरोबर लिहिलंय का ते तिच्याकडूनच विचारून घेतलं, कशासाठी ते सांगितलं नाही. विमानाच्या बुडातून एक पोलादी पाटा मागे येतो, खाली झुकलेला. त्याच्या टोकाला एक उभा दांडा, आणि त्या दांड्याभोवती चाक फिरतं. हा दांडा माझ्या काठीसारखा समज. काठीचं वरचं टोक थोडं मागे झुकलेलं हवं, म्हणजे चाक शहाण्यासारखं मागून येतं. वरचं टोक पुढे झुकलं की चाकाला कळत नाही कुणीकडे जायचं, आणि ते फडफडतं. तिने शेडमध्ये पाणसळ, ती बुडबुड्याची पट्टी, लावून हे मोजलं आहे. दांडा मागेच झुकलेला आहे. अगदी पुस्तकात दिल्याबरहुकूम. परत मोजला, परत तेच.

म्हणजे सगळं बरोबर आहे आणि गाडं चालत नाही. असं घर मी बरीच वर्षं चालवलंय, पण विमानाचं मला माहीत नाही.

काल ती पंखावर फडकं मारत होती. मी विचारलं, विकायचं म्हणून पुसतेस की ठेवायचं म्हणून. म्हणाली, "आजी, दोन्हीला पुसावंच लागतं." वेल्डर पलीकडे उगाचच हातोडा शोधत बसला. त्याच्या हातातच होता.

तुला काही ठाऊक असेल असं मला वाटतं. नसेल तर नाही म्हण. पण ठाऊक असून गप्प बसणार असशील, तर तिने तुला दिलेला तो 'घाबरता' शब्द मी परत घेते आणि त्याहून वाईट शब्द देते. माझ्याकडे पुष्कळ आहेत.

आई


१७ मार्च

अरे लबाडा,

पाकीट आलं. मला वाटलं आत निदान कागदभर काही असेल. उघडलं तर एक ओळ. ना नमस्कार, ना आई कशी आहेस, ना खाली नाव. "मोजलं तेव्हा मागे कोण बसलं होतं?"

बापाच्या घरी काय शाईची टंचाई होती का रे.

मला त्यातलं काहीच कळलं नाही. मी ती ओळ घेऊन शेडवर गेले आणि टाचणीच्या पुढे धरली. कुणाची ते सांगितलं नाही. पण बापाचं अक्षर कुणाला सांगावं लागतं का. तिने वाचलं. मग विमानाच्या मागच्या सीटकडे बघितलं. मग शेपटीकडे बघितलं. मग जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडते. बाजूला जाऊन बघते तर हसत होती, स्वतःला शिव्या देत होती, आणि त्यातल्या दोन मी तिला शिकवलेल्या नाहीत.

"रिकामं मोजलं," ती म्हणाली. "आजी, मी दरवेळी रिकामं विमान मोजलं."

आणि पळवताना दरवेळी मागे कॅप्टन. तो काही किरकोळ माणूस नाही, तुला माहीत आहे.

तेव्हा आता मागे कुणालातरी बसवून मोजायचं ठरलं. कॅप्टन त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. वेल्डर बसला तर खालून पाणसळ धरणार कोण. टाचणी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, अजिबात नाही. ती म्हणाली, "आजी, तुझं वजन जवळजवळ कॅप्टनइतकंच आहे." हे असं चारचौघात. वेल्डर छताकडे बघत होता.

मग मी चढले. कशी चढले ते लिहिणार नाही. रंगाऱ्याची शिडी होती, वेल्डरचा खांदा होता, आणि एकदा माझा गुडघा अशा ठिकाणी अडकला की टाचणी म्हणाली, थांब, पंख काढावा लागेल. पण बसले. टाकी भरली, पुढच्या सीटवर वाळूची पोती ठेवली, आणि मी मागे, पट्टा बांधून, पर्स मांडीवर. टाचणी म्हणाली, पर्स खाली दे, मोजायचं आहे. मी म्हटलं, मी जिथे जाते तिथे पर्स येते, तीही मोज.

आणि खरंच सांगते, माझं बूड टेकलं तशी शेपटी खाली गेली, हळू, जशी गाय बसते. पाटा सपाट झाला. टाचणी खाली आडवी पडून बघत होती. तिचा आवाज आला, "दांडा झुकला. पुढे झुकला. वाकून विहिरीत बघितल्यासारखा." वेल्डरही आडवा पडला. दोघंही माझ्याखाली जमिनीवर खदखदून हसत होते आणि मी वर एकटी, मला कुणी दाखवेना. मी म्हटलं, अरे, मी काय मोडलं?

"काही नाही आजी. तू शोधून दिलंस."

मी शोधलं नाही, मी नुसती बसले. पण मी ते तिला सांगितलं नाही.

वेल्डरने त्याच दुपारी पोलादाची एक पाचर घासली, बोटभर जाडीची, एका बाजूला निमुळती. ती पाट्याच्या बुडाशी बसवली. मला उतरू दिलं नाही, म्हणाले परत चढवणं परवडणार नाही. पाण्याची बाटली वर दिली. पाचर बसली, पाणसळ लावली, आणि दांडा मागे झुकला, माझ्यासकट.

आता चाकाचं ऐक. तिन्ही चाकं परत लावून बघितली, कॅप्टनला घेऊन. थरथर कुणालाच नाही. म्हणजे निवड परत पहिल्यापासून. भरीव अजूनही नांगर. माझं मऊ चाक, सांगायला अभिमान वाटतो, लोण्यासारखं धावलं. मी म्हटलं, झालं तर मग. वजनालाही ते कुलपाच्या चाकाहून हलकं.

तिने कुलपाचं लावलं, नवी खिट्टी बसवून.

उतरताना आतून कुलूप लावलं की चाक सरळ अडकतं आणि शेपटी बाजूला पळायला बघत नाही, म्हणजे गर्रकन फिरायची भीती पुष्कळ कमी होते, असं कॅप्टन म्हणाला. जड चाकाची भरपाई म्हणून तिने बॅटरी मागून काढून इंजिनजवळ नेली, दोन दिवस तारा ओढत बसली. मी विचारलं, एवढा खटाटोप कुणासाठी, तुला तर ती भीती वाटत नव्हती. ती म्हणाली, कॅप्टनने सांगितलं म्हणून. कॅप्टनचं ती एरवी एक ऐकत नाही.

तपासनीस पुढच्या आठवड्यात येतो आहे.

आई


२९ मार्च

अरे बाबा,

उडालं.

आधी तेच लिहिते, नाहीतर तू मधलं सोडून खाली बघशील.

तपासनीस म्हणजे गोगलगाय. तोंडातून शब्द नाही, हातात टॉर्च, प्रत्येक बोल्टवर पिचकन प्रकाश. वेल्डर कोपऱ्यात उभा राहून नखं खात होता. शेपटीशी तो खूप वेळ बसला. पाचरीवर बोट ठेवून विचारलं, "हे का?" टाचणीने सांगितलं, मागे माणूस बसला की पाटा सपाट होतो म्हणून. "कुणाच्या वजनाला बेतलं?" तिने माझ्याकडे बोट दाखवलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मान हलवली, आणि पुढच्या बोल्टकडे गेला. इतक्या आदराने माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं.

मग कॅप्टनला मागे घालून जमिनीवर पळवलं. सरळ. वळवलं, आणलं, परत पळवलं. सरळ. त्याने सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा नव्हता. पहिलं उड्डाण एकटीने करायचं असतं, मागची सीट रिकामी. मी कुंपणाजवळ होते. खुर्चीवर बसले नाही, तिचा पाय बघितला आणि म्हटलं आज नको. टाचणीने मला हात केला नाही, कुणालाच केला नाही, समोर बघत होती. कॅप्टन माझ्याशेजारी पुटपुटत होता, कुलूप, कुलूप लाव, कुलूप, जसं काही तिला ऐकू जातंय.

निघालं. गवतावरून पिवळं काहीतरी धावत गेलं, शेपटी उचलली, आणि त्याच्या चाकांखाली उजेड दिसला. एवढंच. इतकी वर्षं चाललेलं काम आणि उजेड दिसायला पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ लागला. मी कॅप्टनचा दंड धरला होता. नंतर त्याने बाही वर करून दाखवलं, पाचही बोटं उमटली होती.

वर ती गोल फिरत होती, रंग उन्हात असा चमकत होता की मी कावीळ हा शब्द मागे घेते, हे तिला सांगू नकोस, मी सांगणार नाही.

उतरताना मात्र मी परत कॅप्टनचा दंड धरला. तुझी ती टोपली आली डोळ्यांसमोर, तुझा आवाज आला कानात, आणि मला तुझा इतका राग आला की भीती विसरले. पुढची चाकं टेकली, एकदा उसळलं, परत टेकलं. मग शेपटी खाली आली. ती टेकली तेव्हा कॅप्टनचा श्वास थांबलेला मला ऐकू आला, म्हणजे ऐकू येईनासा झाला. आणि विमान सरळ धावलं. दोरी धरून ओढल्यासारखं, सरळ, कुंपणापर्यंत. तिथे तिने कुलूप सोडलं, वळवलं आणि आमच्यापुढे आणून उभं केलं.

वेल्डर म्हणाला, "झालं?" आणि उकिडवा बसला.

टाचणी उतरली. मला वाटलं आता मिठी मारेल, मी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. तिने सरळ शेपटीकडे जाऊन चाक बघितलं, हात फिरवला, खिट्टी तपासली. मग माझ्याकडे आली. केस उभे, गाल लाल, आणि डोळे असे की लहानपणी तू पहिल्यांदा एकट्याने सायकल चालवून परत आलास तसे.

तिने विचारलं, "आजी, बाबांचं वजन किती असेल?"

तू गेल्यापासून बाबा हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. मी म्हटलं, मला काय माहीत, सूनबाई चांगलंचुंगलं घालते, वाढलं असेल, अंदाजे सांगू का. तर म्हणाली, "अंदाज चालत नाही. मागे बसवून मोजावं लागतं."

आणि वेल्डरला म्हणाली, दुसऱ्या पाचरीसाठी पोलाद ठेव.

एकटीने ठरावीक तास उडवून झाले की दुसऱ्या माणसाला बसवता येतं, असं तपासनीस सांगून गेला आहे. तोवर तुला रजा मिळायला हरकत नाही. सूनबाईला मी फोनवर सांगितलं आहे, ती बॅग भरते आहे, तुला सांगितलं नसेल.

आणि येताना पोटभर जेवून ये. उपाशी माणसाचं वजन खोटं येतं.

तुझी आई